नकार देणारा शेजारी

ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेत सुवार्ताकार्याचा, म्हणजे येशूचा संदेश लोकांपर्यंत नेण्याच्या कामाचा, अहवाल वाचला जातो, तेव्हा आकड्यांची एक ठरलेली मालिका कानावर पडते. किती घरांना भेटी दिल्या, किती पत्रकं वाटली, नाताळच्या कार्यक्रमाला बाहेरचे किती आले, त्यांतले किती पुन्हा उपासनेला दिसले. कधी बाप्तिस्म्यांचा आकडा असतो, तेव्हा टाळ्या जरा जास्त वाजतात. या अहवालात एक माणूस मात्र कधीच सापडत नाही. आपण ज्याच्या घरी गेलो, ज्याने बसवून घेतलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग सभ्यपणे सांगितलं, "तुमचं तुमच्यापाशी चांगलं आहे, पण आम्हाला नको." त्याच्याकडे पुन्हा कोण गेलं? बहुतेक वेळा कुणीच नाही. त्याचं नाव यादीतून गळतं आणि यादीबरोबर ओळखही गळते.

माझं म्हणणं असं की शेजाऱ्यांमधल्या ख्रिस्ती कार्याची पारख याच माणसापाशी होते. होकार मिळाल्यावर प्रेमाने वागणं सोपं आहे, तिथे कुणाची परीक्षा लागत नाही. नकार मिळाल्यावर मंडळी त्या दाराशी काय नातं ठेवते, त्यावरून ती आधी तिथे कशासाठी गेली होती ते कळतं. सुवार्तेची तळमळ असलेल्या भावाबहिणींना हे मिळमिळीत वाटेल, याची मला कल्पना आहे. म्हणून आधी शास्त्राकडे, म्हणजे बायबलकडेच जाऊ.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट रविवारच्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पण ती नवव्या अध्यायाला जोडून फारसं कुणी वाचत नाही. नवव्या अध्यायाच्या शेवटी येशू यरुशलेमेच्या वाटेला लागलेला आहे. मुक्कामाची सोय करायला त्याने पुढे पाठवलेली माणसं शोमरोन्यांच्या, म्हणजे यहुद्यांशी जुनं वैर असलेल्या लोकांच्या, एका गावात जातात आणि गाव त्याला घेत नाही. याकोब आणि योहान हे शिष्य भडकतात. आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा असं आम्ही म्हणावं का, असं विचारतात. येशू वळून त्या दोघांनाच धमकावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला निघून जातात. चार-सहा ओळींचा प्रसंग, तिथेच संपतो.

पुढच्याच अध्यायात एक शास्त्री विचारतो, "माझा शेजारी कोण?" आणि येशू जी गोष्ट सांगतो, तिच्यात भला माणूस म्हणून उभा कोण राहतो? याजक बाजूने निघून जातो, मंदिरात सेवा करणारा लेवीही निघून जातो. थांबतो तो शोमरोनी. म्हणजे ज्या लोकांनी नुकतंच दार लावून घेतलं होतं, त्यांच्यातलाच एक. आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. हा शोमरोनी गोष्टीत कुठेही येशूचा अनुयायी होत नाही. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी दोन दीनार देऊन वाटेला लागतो. ज्यांनी नाकारलं त्यांच्याबद्दल येशू नंतर काय बोलतो, हे पाहायचं असेल तर ही गोष्ट पाहावी. आपल्यापैकी किती जण आपल्याला नकार देणाऱ्या घराविषयी चारचौघांत इतकं चांगलं बोलतात?

लूक हा धागा सोडत नाही. सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो. तोही शोमरोनी. उरलेले नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो, आणि त्या विचारण्यात खंत स्पष्ट आहे. पण त्या नऊ जणांचं बरं होणं रद्द झालं, असं लूकने कुठे लिहिलेलं नाही. मार्कच्या दहाव्या अध्यायात तो धनवान माणूस येतो. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, मग मागणी सरळ सांगितली, आणि तो खिन्न होऊन निघून गेला. येशूने मागणी सौम्य केली नाही. त्याच्या मागे धावून त्याला गळही घातली नाही.

इथे जाणकार वाचक मला अडवेल, आणि अडवावंच. लूकच्या त्याच दहाव्या अध्यायात सत्तर शिष्यांना पाठवताना येशूने सांगितलं आहे की जे नगर तुम्हाला घेणार नाही, त्याची पायांना लागलेली धूळही झटकून टाका. मग नकारानंतर नातं टिकवण्याची ही भाषा कशाला? माझं उत्तर असं की ती सूचना वाटसरूंना होती. त्यांनी थैली, झोळी, वहाणा काहीच बरोबर घ्यायचं नव्हतं, एका घरी राहायचं होतं, पुढ्यात येईल ते खायचं होतं आणि पुढच्या गावाला निघायचं होतं. ते येणार आणि जाणार. शेजारी कुठे जाणार? धूळ झटकली तरी संध्याकाळी त्याच जिन्यावर गाठ पडायची आहे. फिरत्या प्रचारकाची रीत कायम राहणाऱ्या माणसाने उचलली की तिचा अबोला होतो. आणि अबोला धरणाऱ्या घराकडून कुणी सुवार्ता ऐकल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

सुरुवातीच्या काही शतकांतल्या मंडळीला हे चांगलं ठाऊक होतं. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सर्वांनी देवांना यज्ञ करावा असा हुकूम काढला आणि ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन यांना लपून राहावं लागलं. त्यानंतर थोड्याच काळात शहरात भयंकर साथ आली. माणसं आपल्याच आप्तांना रस्त्यावर टाकून पळू लागली. सिप्रियन यांचं चरित्र लिहिणारा त्यांचा डीकन (मंडळीतला सहायक सेवक) पाँटियस सांगतो की त्यांनी मंडळीला गोळा करून समजावलं: केवळ आपल्याच माणसांची सेवा केली तर त्यात नवल काय, जे आपले नाहीत त्यांचंही भलं करा. हे 'जे आपले नाहीत' म्हणजे कोण, ते विसरू नये. थोड्याच काळापूर्वी ख्रिस्ती लोकांना न्यायासनापुढे ओढलं जात असताना बघ्यांच्या गर्दीत उभं असलेलं शहरच ते. नकार याहून कडक काय असतो? सिप्रियन यांना पुढे २५८ मध्ये याच शहरात मृत्युदंड झाला. सेवेच्या बदल्यात त्यांना संरक्षण मिळालं नाही, आणि मिळेल या हिशेबाने ती केलेलीही नव्हती.

शंभर वर्षांनी सम्राट ज्यूलियन हे चित्र विरुद्ध बाजूने रंगवतो. त्याला जुने देव पुन्हा प्रतिष्ठित करायचे होते. ३६२ च्या सुमारास गलतिया प्रांतातल्या आर्सेशियस नावाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो चिडून म्हणतो की हे गालिली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने दिलेलं याहून चांगलं प्रमाणपत्र मला माहीत नाही. त्याच्या तक्रारीतला 'आमच्याही' हा शब्द महत्त्वाचा. ज्यांना मदत मिळत होती ते अजून त्याचेच होते, मंडळीत आलेले नव्हते.

याच्या उलट टोकाला आयर्लंड आहे. १८४५ नंतर बटाट्याचं पीक रोगाने बुडालं आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाच्या साथींनी मेली. भुकेल्या कॅथलिक कुटुंबांना सूप देताना काही प्रॉटेस्टंट मिशनांनी त्याबरोबर पंथ बदलण्याची किंवा मुलांना आपल्या शाळेत धाडण्याची अपेक्षा ठेवली, असा आरोप त्या काळी झाला. सगळे तसे नव्हते. कित्येक प्रॉटेस्टंट पाद्री कसलीही अट न घालता राबले, काही त्याच तापाने गेले. पण लोकांच्या स्मरणात राहिलं ते अटीचं सूप. 'सूप घेतलेलं घराणं' ही शिवी त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्याच दुष्काळात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी स्वयंपाकाच्या मोठाल्या कढया आणवल्या, अन्नछत्रं चालवली आणि कुणाला धर्माचा प्रश्न विचारला नाही. त्यांचं नाव आजही तिथे आदराने घेतलं जातं. अन्न दोघांनीही वाटलं. फरक पडला तो 'नाही' म्हणणाऱ्याची वाटी भरली की नाही यामुळे.

म्हणून मी ज्या मंडळीत आहे तिथे आणि इतरत्रही एक गोष्ट हट्टाने मांडत आलो आहे: मदत आणि आमंत्रण एकाच वेळी, एकाच हाताने द्यायचं नाही. ज्याच्या घरचं आजारपण आपल्या पैशावर चाललं आहे, त्याला आपल्यासमोर 'नाही' म्हणता येत नाही. तो आपल्या सभेला येतो, गाणी म्हणतो, डोळे मिटतो. आपण ते अहवालात घालतो. त्याच्या मनात काय चाललं आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर ते जाणून घ्यायची आपली तयारीही नसते. नकाराची मोकळीक नसलेल्या माणसाचा होकार घेऊन मंडळी करणार काय? मदतीचं काम पाहणारी माणसं वेगळी असावीत, मदतीच्या पिशवीत पत्रक नसावं, आणि उपासनेला कोण आलं याची नोंद मदतीच्या वहीजवळ फिरकू नये. लहान मुलांच्या बाबतीत तर आईबापांना आधी सगळं स्पष्ट सांगितलं पाहिजे: गाणी कुठली, गोष्टी कुठल्या, प्रार्थना असेल की नाही. 'खेळांचं शिबिर' म्हणून बोलवायचं आणि शेवटच्या दिवशी येशूवर विश्वास ठेवला म्हणून मुलांना हात वर करायला लावायचे, याला मी फसवणूकच म्हणतो. आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करायची असेल तर विचारून करावी, आणि 'नको' म्हटलं तर खुर्ची सोडून उठू नये.

हे मी एकटाच म्हणतो आहे असंही नाही. २०११ साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून ख्रिस्ती साक्षीविषयी एक आचारसूत्र जाहीर केलं. एरवी एका ओळीवर यांचं एकमत होणं कठीण. त्यात गरिबीचा आणि गरजेचा गैरफायदा घेण्याला, सेवेच्या आडून आमिष दाखवण्याला स्पष्ट नकार आहे. पण त्याच मसुद्याची सुरुवात मिशन हे चर्चच्या अस्तित्वाचाच भाग आहे या विधानाने होते. हे दुसरं वाक्य सोयीस्करपणे विसरणारेही आपल्यात आहेत, आणि त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

त्यांचा युक्तिवाद ओळखीचा आहे. सेवा करा, बोलू नका. आपलं जीवनच आपली साक्ष. ऐकायला हे नम्र वाटतं, पण त्यात एक छुपा गर्व आहे. माझं जीवन इतकं स्वच्छ आहे की ते पाहून शेजाऱ्याला ख्रिस्त दिसेल, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? माझं जीवन पाहून त्याला फार तर एक वक्तशीर, जरा चिडका माणूस दिसेल. माझ्या आशेचा आधार माझ्याबाहेर आहे, हे तोंडाने सांगितल्याशिवाय कळायचं नाही. शिवाय ज्याच्याशी आपली मैत्री आहे त्याच्यापासून आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट वर्षानुवर्षं झाकून ठेवणं, ही कसली मैत्री? पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलं आहे की तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या. उत्तर द्यायचंच आहे. रीत तेवढी सांभाळायची आहे.

लंडनमधले पाद्री चॅड वराह यांचं उदाहरण या वादात दोन्ही बाजू आपल्याकडे ओढतात. तरुणपणी त्यांनी पहिला अंत्यविधी केला तो चौदा वर्षांच्या एका मुलीचा. मासिक पाळी सुरू झाली तेव्हा आपल्याला गुप्तरोग झाला आहे असं समजून तिने जीव दिला होता. तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. १९५३ मध्ये त्यांनी सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला आणि जीव द्यायच्या विचारात असलेल्यांनी फोन करावा असं जाहीर केलं. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की भेटीसाठी थांबलेल्या माणसांना चहा देणारे, त्यांच्याशी गप्पा मारणारे स्वयंसेवक जास्त उपयोगी पडत आहेत. कितीतरी जणांना नंतर पाद्रीबुवांना भेटायची गरजच उरत नव्हती. त्यांनी काम स्वयंसेवकांच्या हाती दिलं आणि नियम घातला की फोनवर कुणालाही धर्म सांगायचा नाही. या कामाला नाव मिळालं 'समॅरिटन्स'. लूकमधला तोच शोमरोनी.

हे मिशन होतं का? माझ्या मते होतं, आणि तो नियमही योग्यच होता. मरणाच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला नकार देण्याइतकी ताकद नसते. पण चर्चच्या एका टेलिफोनचा नियम चर्चच्या सगळ्या बोलण्याला लावता येत नाही. चॅड वराह पाद्री म्हणून त्याच चर्चमध्ये काम करत राहिले, तिथे उपासना होतच राहिली, दार उघडंच होतं. दोन कामं, दोन वेगळ्या जागा, पण छप्पर एकच. मला हवी असलेली रचना साधारण अशी आहे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तारण, म्हणजे येशूमुळे मिळणारी आत्म्याची सुटका, खरोखरच इतकं महत्त्वाचं आहे असं तुम्ही मानता, तर मग आग्रह न करणं ही निष्ठुरता नव्हे का? आग लागलेल्या घरातल्या माणसाची आपण परवानगी विचारतो का? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारणाऱ्यांची मी टिंगल करणार नाही. पण प्रेषित पौलाला ही निकड आपल्यापेक्षा कमी नव्हती, आणि तरीही करिंथ शहरातल्या मंडळीला तो लिहितो की आम्ही लाजिरवाण्या गुप्त गोष्टी टाकल्या आहेत, कपटाने चालत नाही, सत्य उघड करून प्रत्येकाच्या विवेकापुढे स्वतःला ठेवतो. विवेकापुढे ठेवलेली गोष्ट विवेकाला नाकारता आली पाहिजे, नाहीतर त्याला ठेवणं म्हणता येणार नाही. आणि निकडीचंच बोलायचं तर एका 'नको'नंतर ज्याची यादी पुढे सरकते, त्याची निकड कसली? ती त्या माणसाविषयी नव्हती, आकड्याविषयी होती.

अर्थात इथे एक सापळा आहे. नकारानंतरही मैत्री ठेवायची, कारण कधीतरी तो येईल, असं मनात धरलं तर ती मैत्रीही लांबलेली मोहीमच ठरते. मैत्रीतून सुवार्ता कशी सांगावी याचे वर्ग हल्ली भरतात. पहिल्या भेटीत काय बोलावं, तिसऱ्या भेटीत कुठला विषय काढावा, वगैरे. शेजाऱ्याला हे कळत नाही, असं या वर्गांत गृहीत धरलेलं असतं. त्याला कळतं. स्वतःला एकच प्रश्न विचारून पाहावा: हा माणूस कधीही ख्रिस्ती होणार नाही हे मला आज नक्की कळलं, तर उद्या मी त्याच्याकडे जाईन का? उत्तर 'नाही' असेल तर आजही जाऊ नये, त्याचा वेळ घेऊ नये.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते आणि ती आपल्याला सर्वांत जड जाते: शेजाऱ्याकडून घेणं. १९१० साली एडिंबराला जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे १२०० प्रतिनिधी, त्यांत आशियातले मोजकेच. तिथे व्ही. एस. अझरय्या हे तरुण भारतीय पाद्री बोलायला उभे राहिले. परदेशी मिशनरी आणि त्यांचे भारतातले सहकारी यांच्या नात्याविषयी ते बोलत होते. तुम्ही गरिबांना अन्न देण्यासाठी आपली मालमत्ता दिलीत, आपली शरीरंही जाळायला दिलीत, असं त्यांनी मान्य केलं. मग म्हणाले की आम्ही प्रीतीही मागतो, आम्हाला मित्र द्या. सभागृहात अनेकांना ते झोंबलं. देणाऱ्याला फक्त देताच येतं, त्याला समोरच्याच्या घरी पाहुणा होऊन बसता येत नाही, हे दुखणं शंभर वर्षांत फारसं बरं झालेलं नाही. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी बाईशी बोलायला सुरुवात करतो ती तिच्याकडे पाणी मागून. आपली मंडळी शेजाऱ्याकडे शेवटचं काही कधी मागायला गेली होती? सल्ला, एखादं कौशल्य, संकटात चार हात? ज्याच्याकडून आपण काही घेतलं आहे, त्याने नकार दिला तरी नातं तुटत नाही, कारण ते त्याच्या होकारावर उभंच नसतं.

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःच्या घरातला आहे, म्हणून सभांमध्ये तो टाळला जातो. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या अठराव्या कलमात धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत आहे. ते तसं यावं म्हणून आग्रह धरणाऱ्यांत लेबनॉनचे ख्रिस्ती मुत्सद्दी चार्ल्स मलिक होते. हे कलम आपण हक्काने पुढे करतो, आणि करायलाच हवं. पण ते दोन्ही दिशांनी चालतं. मंडळीतला एखादा तरुण एके दिवशी म्हणतो की माझा विश्वास उरलेला नाही, किंवा मी दुसऱ्या धर्मात जातो आहे. त्याच्याशी आपण कसे वागतो? त्याच्या आईवडिलांकडे जाणं कमी होतं, त्याचं नाव प्रार्थनेत येतं ते कानगोष्टीच्या सुरात, त्याच्या लग्नाला जावं की नाही यावर खल होतो. आपण ज्याला आत बोलावतो आहोत तो शेजारी हे पाहत असतो आणि साहजिकच विचार करतो: आत गेलो आणि उद्या मला निघावंसं वाटलं, तर ही माणसं मला ओळख देतील का? हा प्रश्न पाळकांनी आणि मंडळीच्या पंचांनी सभेत घ्यावा, उत्तर ठरवावं, आणि मग पुढच्या वर्षीची पत्रकं छापायला द्यावीत.